बिजवर

टॉडमॉर्डनहून रॉचडेल पंचवीस मिनिटं,
मध्ये मेंढ्या, आणि माथ्यावर बसून राहिलेलं धुकं.
बिजवराची चौकशी करायला निघाले आहे मी.
पर्समध्ये शिवणाच्या डब्यातली टेप
आणि पाकिटाच्या पाठीवर जिन्याखालच्या कपाटाची मापं:
रुंदी पुरेशी, उंची हवी तेवढी,
खोली मात्र अडुसष्ट सेंटिमीटर,
त्यातही व्हॅक्यूम क्लीनरचा हिस्सा.

घरी सुधन्वा शेवाळाचे फोटो काढतो.
निवृत्त झाल्यापासून.
दगडी कुंपणांवरचं, कालव्याच्या दारांवरचं,
चर्चमागच्या थडग्यांवरचं,
आमच्याच बाथरूमच्या खिडकीतलं, जे मला घासू देत नाही.
एका गादीचे ऐंशी फोटो, केसाकेसाच्या अंतराने,
मग ऐंशींचा मिळून एक.
"मग ते ऐंशी पुसून टाक की," मी एकदाच म्हटलं.
पुन्हा नाही म्हटलं.

डिस्का बुटांच्या खोक्यांत. सतरा.
त्यातली एक गेल्या मंगळवारी
टक् टक् टक् करून गप्प झाली,
हार्डकॅसलच्या दरीतला अख्खा फेब्रुवारी घेऊन.
तो दोन दिवस जेवला, पण बोलला नाही.

गोदाम म्हणजे कापडगिरणीचा तिसरा मजला.
तन्वीरने आधी दाखवला तो एक यूचा,
सडपातळ, देखणा, कमी वयाचा.
सुरू केला.
बोटभर पंखे, आणि किंचाळी अशी
की खिडकीतलं कबूतर उडालं.
"नको," मी ओरडले.
त्याला ऐकू आलं नाही. हातानेच सांगितलं.

मग हा. दोन यू. अंगाने भरलेला.
पुढे डिस्कांसाठी बारा कप्पे,
चालू असतानाच ओढून काढावेत असे.
मेमरी आपल्या चुका आपणच दुरुस्त करणारी
(हे मी दोनदा विचारून घेतलं).
आतलं कार्ड बदलून देतो म्हणाला,
म्हणजे डिस्का थेट दिसतील, मध्यस्थ नको.
कडेचे रूळ हरवलेत. पोचा एक, मागच्या कोपऱ्याला.
वय नऊ. किंमत एकशे चाळीस पौंड.
आणि नुसतं बसून राहायला सव्वाशे वॅट.

फोनवर गुणाकार केला: वर्षाची वीज तीनशेच्या घरात.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
"बाजी, हीटर कम चलाना," तन्वीर म्हणाला,
आणि हसला नाही, त्यामुळे मला हसू आलं.

टेप लावली. त्र्याहत्तर.
पाच सेंटिमीटरांसाठी स्थळ मोडायचं?
नाही म्हणायला तोंड उघडलं
तेवढ्यात झाकणावरची चिकटपट्टी दिसली,
पिवळी पडलेली, निळ्या पेनाची ठसठशीत अक्षरं:
मी सुट्टीवर आहे.
परत येईपर्यंत हा बंद करू नये.
मॉरीन.

आधीचं घर कुठलं?
तन्वीरने खांदे उडवले. लिलावात चाळीस एकदम आले,
बर्नलीकडची कुठलीशी पतसंस्था, मिटली.
मॉरीन परत आली का, तेव्हा तिचं टेबल होतं का,
कुठल्या समुद्रावर गेली होती,
हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.
पैसे मोजले.

घरी कपाटाचं दार बिजागऱ्यांतून काढलं.
आता पाच सेंटिमीटर बाहेर डोकावतो,
येता-जाता माझा गुडघा शोधतो.
सुधन्वाने भिंग आणलं, मागच्या जाळीत वाकून बघितलं बराच वेळ.
"नुसती धूळ आहे," म्हणाला, जरा हिरमुसून.
मग नखाने ती पट्टी खरवडायला लागला.
"राहू दे," मी म्हटलं.

रात्री जिन्याखाली घुमतो.
खालच्या आवाजात, कुणाला उठवायचं नसल्यासारखा.
तीनदा उठले, तिसऱ्यांदा बटणावर बोटही ठेवलं.
पायांशी ऊब येत होती.
पायरीवर बसले थोडी.